कुकरच्या मापाची कॅरॅव्हॅन

शिरीष टिळेकरने पंचेचाळिशीत मोटरसायकल घेतली, ही बातमी विभावरीने शांतपणे ऐकून घेतली. ती लोअर हटमध्ये फार्मसिस्ट होती. या वयात पुरुषांना काही ना काही होतंच, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध नसतं, हे तिला ठाऊक होतं.

शिरीषला समुद्रापलीकडच्या साउथ आयलंडवरच्या लुइस पासच्या घाटातून मोटरसायकल चालवायची होती. "समोर फक्त रस्ता हवा," असं तो भेटेल त्याला सांगे, डेन्टिस्टलासुद्धा. विभावरी बरोबर यायला तयार होती, पण तंबूत झोपायला आणि रोज फिश अँड चिप्स खायला तयार नव्हती. तेव्हा कारमागे जोडून ओढायची, चाकांवरच्या घरासारखी कॅरॅव्हॅन घ्यायची, आणि लांबच्या प्रवासात मोटरसायकल तिच्याच पोटात घालून न्यायची, असं ठरलं.

मग दर शनिवारी कॅरॅव्हॅन बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. शिरीष टेप घेऊन मागच्या बाजूला शिरे आणि विभावरी पाच लिटरचा कुकर घेऊन पुढच्या. शेगडीवर कुकर ठेवायचा, झाकण लावायचं, त्यावर शिटी बसवायची आणि ती वरच्या कपाटाला टेकते का ते पाहायचं. ती नेहमी टेकायचीच. इथल्या कॅरॅव्हॅन चहाचं पाणी उकळणाऱ्या माणसांसाठी केलेल्या असतात. विक्रेते बिचारे हा प्रकार दारात उभे राहून निमूटपणे बघत.

शेवटी पामर्स्टन नॉर्थच्या पलीकडे एक जुनी कॅरॅव्हॅन सापडली. मागचं दार खाली पाडलं की त्याचाच उतार होई आणि मोटरसायकल थेट आत जाई. पुढे कुकर शिटीसकट मावत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकं एकमत त्यांचं लग्न ठरतानाही झालं नव्हतं.

शिरीष पूल बांधणारा इंजिनिअर. मागे मोटरसायकल ठेवली की कॅरॅव्हॅनचं तोंड वर होणार आणि चालताना शेपूट हलणार, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. ते मनात ठेवायचं सोडून तो म्हणाला, "पुढच्या बाजूला थोडं वजन लागेल."

"किती?" विभावरीने विचारलं.

"मोटरसायकलला तोलेल एवढं."

इतक्या वर्षांच्या संसारात 'सामान कमी घे' याखेरीज त्याने तिला काहीही सांगितलं नव्हतं. विभावरीने ही संधी वाया घालवली नाही. तांदळाचं पोतं आलं, आटा आला, डाळी, कांदे-बटाटे, मेतकूट आलं. सांगलीहून बोटीने आलेला आणि तेव्हापासून गॅरेजमध्ये पडून असलेला पाटा-वरवंटाही आला. शिरीष स्वतःच "अजून थोडं चालेल" म्हणत होता. कॅरॅव्हॅन अगदी समतोल उभी राहिली तेव्हा त्याने तिचे फोटो काढले.

समतोल ओझंसुद्धा कोणाला तरी ओढावं लागतं, एवढंच तो विसरला होता. चाचणीसाठी वायनुइओमाटाच्या चढावर नेलं, तर अर्ध्यात कार थांबली आणि क्लच जळाल्याचा वास सुटला. मागे गाड्यांची रांग लागली. एका छोट्या ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. बॉनेटमधून धूर येत असताना शिरीष इथल्या पद्धतीने "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हणाला.

घरी आल्यावर त्याने फर्मान काढलं, "सामान उतरव."

"उतरवलं तर तोंड वर होईल. तूच म्हणालास."

शिरीष कॅरॅव्हॅनभोवती एक फेरी मारून आला.

"आणि मोटरसायकल उतरवली तर?" विभावरीने विचारलं.

"तोंड खाली जाईल."

"मग अर्धं सामान मागे ठेवू. ती जागा रिकामीच होतेय."

या हिशोबात इंजिनिअरला खोट सापडेना. म्हणजे विभावरीने कार आणि कॅरॅव्हॅन चालवायची आणि त्याने मोटरसायकलवरून यायचं. त्याला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण त्याने चेहरा पडलेला ठेवला.

फेरीबोटीतून पलीकडे पिक्टनला उतरल्यावर तो हात हलवून पुढे निघून गेला. समोर फक्त रस्ता होता, आणि तो ब्लेनहाइमपर्यंत टिकला. तिथे तो वाट बघत थांबला तर कॅरॅव्हॅन आली ती मागचं दार लोंबकळवत, आणि तिच्यामागे रस्ताभर कांदे. दाराच्या कडीला कांद्याच्या पोत्याचा रेटा सहन झाला नव्हता. दोघांनी दार दोरीने बांधलं.

"आता तू मागे राहा," विभावरी म्हणाली. "दोरी सुटली तर हॉर्न दे, आणि पडेल ते उचलून आण. मसाल्याचा डबा तिकडेच आहे."

मसाल्याचा डबा म्हटल्यावर शिरीषने हेल्मेट चढवलं आणि मागे लागला.

लुइस पासचा तो घाट शिरीषने कॅरॅव्हॅनच्या पांढऱ्या दाराकडे बघत पार केला. दोरीची गाठ त्याला पाठ झाली. वळणावर डावीकडून थोडी नदी दिसे, उजवीकडून थोडं रान. मोटरसायकलवाल्यांचा एक घोळका हात उंचावून दोघांच्याही पुढे निघून गेला, तेव्हा त्याला अगदी रडू येईल असं वाटलं.

घाटमाथ्यावर पावसाने गाठलं. तोच घोळका एका छपराखाली ओलाचिंब उभा राहून गार झालेले मांसाचे पॅटिस खात होता. विभावरीने गॅस पेटवला. कुकरची शिटी झाली तशी सगळी डोकी एकदम वळली. थोड्या वेळाने ते सगळे कॅरॅव्हॅनच्या दारात उभे राहून मुगाची खिचडी खात होते. त्यांच्यातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा शिरीषला म्हणाला, की त्याने जन्मभर मोटरसायकल चालवली, पण असा थाट त्याच्या नशिबी आला नाही. शिरीषने ओलं जाकीट जरा नीट केलं.

ते गेल्यावर विभावरीने विचारलं, "कसा होता रे समोरचा रस्ता?"

"पांढरा," शिरीष म्हणाला.

तिला वाईट वाटलं. त्याच्या ताटलीत आणखी खिचडी वाढत ती म्हणाली, "उद्या ती कडीच दुरुस्त करून घेऊ. तू हो पुढे."

शिरीषने पावसाकडे पाहिलं, मग शेगडीकडे.

"नको," तो म्हणाला. "पुढे गेलो आणि चुकामूक झाली, तर कुकर तुझ्याकडे आहे."

आणि त्याने तिच्याकडे मेतकूट मागितलं.