भडगावच्या पत्त्यावर मेंडोलिन

माणसाला आयुष्यात काही गुपचूप करायचं असेल, तर त्याने निदान पत्ता तरी स्वतःचा द्यावा. कुंदन देवरेने तो दिला नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

कुंदन जळगावात निंबा आप्पांच्या दुकानात हिशेब बघायचा. दुकान ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं. माणूस सरळ, पोट थोडं पुढे, डोक्यावर केस बेताचे. अशा माणसाने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ऑनलाइन मेंडोलिन का मागवावं? तर बायकोसाठी.

ज्योत्स्ना दोंडाईच्याची. तिच्या मावसबहिणीच्या लग्नात एक ऑर्केस्ट्रा आला होता आणि त्यात एक मेंडोलिनवाला होता. तेव्हापासून मेंडोलिन कानावर पडलं की ज्योत्स्नाचं भान हरपायचं. रेडिओवर नुसती चार सेकंदं वाजलं तरी तव्यावरची पोळी करपायची. करपलेली पोळी कुंदनच्या ताटात यायची. लग्नाला वीस वर्षं झाली, पण कुंदनच्या एकाही कर्तबगारीने अजून पोळी सोडाच, साधा पापडही करपला नव्हता. आपल्याकडे बघून हिची एक तरी पोळी करपावी, एवढीच त्याची इच्छा होती. (जास्त मागणं नव्हतं. देवाने कोणाकोणाला काय काय दिलं आहे!)

मोबाइलवर धडे बघून त्याने शिकायला सुरुवात केली. मेंडोलिन नव्हतं, म्हणून दुकानातला नळीचा हातभर तुकडा घेतला, त्यावर मार्करने पडद्यांच्या रेघा मारल्या आणि गिऱ्हाईक नसताना तो नळीवर बोटं चालवू लागला. सा रे ग म वर, सा नी ध प खाली. आवाज अर्थातच नाही. आप्पा चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "कुंदन, हाताला मुंग्या येतात का रे?"

मेच्या शेवटी दोंडाईच्याला ज्योत्स्नाच्या भाचीची, सारिकाची हळद होती. हळदीच्या रात्री सगळ्या सासुरवाडीसमोर उठायचं आणि वाजवायचं. काय वाजवायचं? सा रे ग म. त्यापलीकडे तो अजून गेलाच नव्हता. पण मनापासून वाजवलं तर सा रे ग म मध्येही सगळं येतं, असं धडे देणाऱ्या मास्तरांचं म्हणणं होतं.

आता पत्त्याचा प्रश्न. घरी येणारं पार्सल ज्योत्स्ना फोडायची. दुकानात आलं तर आप्पा फोडायचे, आणि आप्पा नात्याने ज्योत्स्नाचे काका. त्यांच्या पोटात पाण्याचा घोटही गुपचूप राहत नसे. म्हणून कुंदनने भडगावचा, आईचा पत्ता टाकला आणि आईला फोन लावला.

"माय, एक पार्सल येई. लाकडानं सामान शे. जपीसन ठेवजो. आनि ज्योत्स्नाले सांगू नको."

"का रे, तिले का नही सांगानं?"

"सरप्राईज शे."

हा शब्द त्याच्या आईला, भागाबाईंना, टीव्हीमुळे माहीत होता. मालिकेत तो आला की पाठोपाठ कोणीतरी रडतं, एवढं त्यांच्या लक्षात होतं. त्या म्हणाल्या, "बरं. पन मन्ह्या दोन कामंस्नं काय व्हयनं? लाकडानी काठवट तडकनी, पीठ मयाले काही नही घरमा. आनि गिलकास्ना येलले तार नही. चार म्हयना व्हयनात सांगी ऱ्हायनू तुले."

"आनस माय, आनस," कुंदन म्हणाला. चार महिने तो हेच म्हणत होता.

पार्सल निघाल्यापासून कुंदनचं कामात लक्ष लागेना. मोबाइलवर मेंडोलिन कुठवर आलं ते दिसायचं. नाशिकला पोचलं, पाचोऱ्याला पोचलं. आपलं पहिलं मूल गाडीत बसून एकटं येतंय असं त्याला होई. 'पोचतं झालं' असा संदेश आला त्या दुपारी त्याने दुकानात पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही. आप्पांनी दोन खाल्ले आणि मुंग्या बऱ्या झाल्या असतील असं गृहीत धरलं.

संध्याकाळी त्याने गच्चीवर जाऊन फोन केला.

"भेटनं का, माय?"

"भेटनं रे भाऊ! मन्हा डोयास्मा पानी उनं."

कुंदननेही डोळे पुसले. आईला संगीताची एवढी ओढ असेल हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"कसं शे?"

"काय सांगू! हलकं फूल. पाठ कशी गोल. आनि धराले दांडी बी शे."

"वाजाडी देखं का?"

"देखं ना. बोटवरी ठोकं. आवाज खनखनीत शे."

"जपीसन ठेव हां."

"तू माले शिकाडू नको. आजच तेल पाजं त्याले."

"तेल?"

"मंग! नवं लाकूड शे. तेल पाजीसन ऊन दावनं पडस."

कुंदन बुचकळ्यात पडला. त्याने घाईघाईने मोबाइलवर शोधलं, तर खरंच, मेंडोलिनच्या पडद्यांच्या पट्टीला अधूनमधून तेल लावावं असं एका जाणकाराने लिहिलं होतं. कुंदन चाट पडला. त्याने पुन्हा फोन कानाला लावला.

"आनि तारा?"

"आठ भेटन्यात. बठ्ठ्या ताणीसन बांधी टाक्या. कोकिळानी बी हात लावा."

"माय, जास्त ताणू नको. तुटतीन!"

"काय नही तुटतीस. चांगलं वजन पेली लेतीस त्या."

फोन ठेवल्यावर कुंदन बराच वेळ पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला. मेंडोलिन सुरात लावणं हा धडा त्याला तीनदा बघूनही कळला नव्हता, आणि आईने ते शेजारच्या कोकिळाकाकूंच्या मदतीने एका दुपारीत उरकलं होतं. वजन कसलं ते मात्र त्याला उमगलं नाही. सुरालाही वजन असतं, असं म्हणतात खरं. आपल्या घराण्यात संगीत होतं आणि आपल्याला कोणी सांगितलंच नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

हळदीच्या दिवशी सकाळी कुंदन आणि ज्योत्स्ना गाडी घेऊन भडगावला गेले. आईला घ्यायचं, जेवायचं, मेंडोलिन गुपचूप डिकीत टाकायचं आणि दोंडाईच्याला निघायचं, असा बेत होता. ज्योत्स्ना आल्या आल्या पदर खोचून चुलीपुढे बसली. भागाबाईंनी कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं पीठ मळायला घेतलं. आणि कुंदन मेंडोलिन शोधायला लागला.

कपाटात नव्हतं. पलंगाखाली नव्हतं. खोका सापडला, पण त्यात कांदे होते. तो स्वयंपाकघरात येऊन आईच्या कानाशी लागला.

"माय, ते कोठे शे?"

"काय?"

"ते. पार्सलमधलं."

"तुन्हा म्होरेच त शे!"

कुंदनने समोर बघितलं. समोर ज्योत्स्ना, चूल, तवा आणि आईचे पिठाने भरलेले हात. म्हणजे चुलीमागच्या धान्याच्या कोठीत ठेवलं असणार. त्याने कोठीचं झाकण उघडून खांद्यापर्यंत हात घातला. ज्वारी होती.

"काय शोधताय?" ज्योत्स्नाने विचारलं.

"ज्वारीला कीड लागली का बघतोय."

"वीस वर्षांत पहिल्यांदा?"

तो मुकाट्याने परसात गेला. तिथे गिलक्याचा वेल मांडवावर चढला होता, हिरवीगार गिलकी लोंबत होती. मांडवाच्या तारा उन्हात लखलखत होत्या. चार जाड, चार बारीक. फारच छान तारा होत्या. कुंदनने सहज एका तारेला बोट लावलं. टण्ण झालं. कुंदनला बरं वाटलं. का बरं वाटलं हे त्याला कळलं नाही. तो परत आत आला.

(वाचकहो, हसू नका. ज्याने मेंडोलिन फक्त मोबाइलच्या पडद्यावर आणि ठिबकच्या नळीवर बघितलं, त्याला ते पिठाने माखलेलं एकदम कसं ओळखू यावं?)

भागाबाई ज्या भांड्यात पीठ मळत होत्या, ते त्याने आता नीट बघितलं. लाकडी, गोल बुडाचं. गडगडू नये म्हणून खाली कापडाची चुंबळ. एका बाजूला लांब दांडी. दांडीच्या टोकाला आठ खुंट्या, आणि खुंट्यांना लसणाची गड्डी, चिमटा, चहाची गाळणी असा संसार टांगलेला. तेवढ्यात भागाबाईंनी शेवटचा गोळा उचलला आणि तळाला पिठाच्या पापुद्र्याखालून एक सोनेरी कागद दिसू लागला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, मेंडोलिन.

कुंदनने तो शब्द दोनदा वाचला.

"माय," तो कसाबसा म्हणाला, "याले... वरतीन झाकन व्हतं ना?"

"व्हतं ना. चिकटायेल व्हतं. तेल पाजीसन दिवसभर ऊनमा ठेवं, मंग आपसूक निंघनं. देख ना, माठवर ठेयेल शे. मधला भोकमातीन पळीनी दांडी कशी बराबर बाहेर येस!"

तेवढ्यात कोकिळाकाकू आल्या. "उना का कुंदन? अरे, तुन्ही माय बठ्ठी गल्लीले दखाडी उनी. एकच खोकामा काठवट बी धाडी, येलले तारा बी धाडी! मन्हा पोऱ्याले मी सहा म्हयनापाईन खाट सांगी ऱ्हायनू. आयकस का तो!"

"लोके म्हनतस, शहरमा गया म्हंजे आंडोर मायले इसरस," भागाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले, तेव्हा पीठ गालाला लागलं. "मन्हा नही इसरना. आनि वरतीन सांगस, कोनले सांगू नको. सरप्राईज शे!"

कुंदनने तोंड उघडलं. 'अगं माय, ते वाजाडानं व्हतं,' हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण आईचा तो पिठाळलेला, फुललेला चेहरा बघून वाक्य परत पोटात गेलं. त्याला लाजही वाटली आणि रडूही येत होतं. मेंडोलिनसाठी की आईसाठी, याचा मात्र त्याला नीट उलगडा होईना.

इतक्यात करपल्याचा वास आला.

तव्यावरची भाकरी काळी ठिक्कर पडली होती. आणि ज्योत्स्ना चुलीपुढे बसून एकटक त्याच्याकडे बघत होती, अगदी रेडिओकडे बघायची तशी.

कुंदनने ती भाकरी मागून घेतली आणि सगळी खाल्ली.

दोंडाईच्याच्या वाटेवर भागाबाई मागे झोपल्या, तेव्हा त्याने तीनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ज्योत्स्ना म्हणाली, "खरं सांगू? मला वाटायचं तुम्हाला आईंचं काही पडलेलंच नाही." दुसऱ्यांदा म्हणाली, "मी फार बोलते तुम्हाला." तिसऱ्यांदा तिने स्वतःच्या हाताने सोललेलं केळं त्याच्या तोंडात घातलं, आणि तोंडात केळं असताना कबुलीजबाब देता येत नाही.

त्या रात्री हळदीत डीजेच वाजला. कुंदनला वाजवायचं नव्हतं आणि लपवायचंही काही उरलं नव्हतं. तो खुर्चीत बसून बोटांनी मांडीवर सा रे ग म करत होता. तिकडे मांडवात ज्योत्स्नाने मात्र काठवटीची कथा सगळ्या बायकांना सांगितली होती. दांडी, खुंट्या, माठाचं झाकण, काही सोडलं नव्हतं. थोड्या वेळाने हळदीने पिवळ्या झालेल्या सासूबाई, ताईबाई, त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. वीस वर्षांत त्यांनी जावयाकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्याच्याकडून काही होईल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"जावईबापू, मन्हाकरता बी तशीच एक मांगाडा ना."

दुसऱ्या दिवशी कुंदन बाजारात गेला आणि चांगली शिसवी काठवट घेऊन आला. ताईबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "हाई चांगली शे. पन हिले दांडी कोठे शे?"

"दांडीवालीच मागवा हो," ज्योत्स्ना म्हणाली. कधी नव्हे ती लाडात आली होती.

कुंदनने मागवली. या वेळी दोन मागवली, दुकानाच्या पत्त्यावर. एक ताईबाईंची काठवट. दुसरं त्याचं मेंडोलिन. आता आप्पांनी फोडलं तरी भीती नव्हती. काठवटीच आहेत म्हणायचं.

पार्सल आलं त्या दुपारी दुकानात कोणी नव्हतं. कुंदनने खोका उघडला. नव्या लाकडाचा वास आला. त्याने मेंडोलिन मांडीवर घेतलं. गोल पाठ पोटाला अशी टेकली की पोट मुळात यासाठीच वाढलं असावं असं वाटलं. आठही तारा जागेवर होत्या, झाकण जागेवर होतं. जन्मात पहिल्यांदा त्याने खऱ्या मेंडोलिनवर सा लावला. अंगावर सरसरून काटा आला. मग रे, मग ग. गोदामातल्या नळ्यांची वेटोळीसुद्धा ऐकत आहेत असं त्याला वाटलं. तो वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. डोळे मिटलेले, मान डोलत होती. एवढं सुख त्याला कधी झालं नव्हतं. एक आपल्याकडे ठेवायचंच, त्याने ठरवून टाकलं.

डोळे उघडले तर आप्पा दारात उभे होते. ते बराच वेळ उभे असावेत. त्यांनी एकदा मेंडोलिनकडे बघितलं, एकदा टेबलावरच्या रेघा मारलेल्या नळीकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चार महिन्यांचं कोडं सुटल्याचं समाधान पसरलं.

"असं होय!" आप्पा म्हणाले. मग त्यांनी मायेने कुंदनच्या खांद्यावर हात ठेवला. "कुंदन, तू नळीवरच बरा वाजवायचास रे."

कुंदन उठला, त्याने ताईबाईंच्या काठवटीसाठी घरातून आणलेली तेलाची वाटी घेतली आणि दोन्ही मेंडोलिनं गोदामाच्या पत्र्यावर उन्हात नेऊन ठेवली. कोकिळाकाकूंनाही तशी एक काठवट हवीच होती.