जुन्या मोबाईलमधलं कार्ड

बायकोच्या, दर्शनाच्या वाढदिवसाला घरातले सगळे जुने फोटो टीव्हीवर दाखवायचे, असं सुशांतने ठरवलं आणि त्यासाठी पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर आणला. काळाचौकीच्या त्यांच्या एका खोलीत तो लपवणंही सोपं गेलं.

कॉम्प्युटर आला, पण त्यात कार्ड नव्हतं. या कॉम्प्युटरची सगळी सिस्टीम नखाएवढ्या मेमरी कार्डवर असते; ते नसेल तर तो नुसता लाल दिवा लावून बसतो. रविवार, कॉम्प्युटरची दुकानं बंद. दर्शना भाजीबाजारात गेलेली. कपाटात तिचा काच तडकलेला जुना मोबाईल होता. सुशांतने त्याची गॅलरी पाहिली. छताचा एक धूसर फोटो, बाकी काही नाही. त्याने कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि त्यावर सिस्टीम चढवायला घेतली.

"यावरचं सगळं पुसलं जाईल. चालेल?" लॅपटॉपने विचारलं. घरात इतक्या अदबीने त्याला कुणी काही विचारत नसे. त्याने खुशीत 'हो' दाबलं.

मग कळलं की घरच्या जुन्या टीव्हीला या कॉम्प्युटरची वायर लागतच नाही. शेजारच्या गुणाजीकाकांकडे नवा टीव्ही होता. काका कबड्डी बघत होते.

"काका, दोन मिनिटं."

"रेड चाललीय रे!"

"नुसती वायर लावतो."

वायर लागली, कबड्डी गेली, पडद्यावर 'सिग्नल नाही' आलं. सुशांतने टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून काय काय दाबलं. टीव्ही तमिळ बोलायला लागला.

"आता स्कोर काय झाला ते मी कोणाला विचारू?" काकांनी डोक्याला हात लावला.

शेवटी कार्डवरच्या एका फाइलीत टीव्हीचं माप लिहिल्यावर चित्र उमटलं. सुशांत ओरडला. तेवढ्यात पिशव्या घेऊन आलेली दर्शना ते ऐकून काकांच्या दारात थांबली. लपवण्यात आता अर्थ नव्हता; त्याने सगळं सांगून टाकलं.

"माझ्यासाठी?" ती हरखली. "मग यात आईचं पण टाक ना! कपाटातल्या मोबाईलमध्ये आहे. काकडीचं धोंडस कसं करायचं ते तिने सांगितलेलं, मी रेकॉर्ड करून ठेवलंय. तिचा तेवढाच आवाज राहिलाय रे."

सुशांतच्या हातातला रिमोट तसाच राहिला. आवाज गॅलरीत दिसत नाहीत, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"दर्शना... तेच कार्ड यात घातलंय."

"मग बरंच की. लाव."

"नाही गं. पुसलं मी ते."

काकांनी तमिळ टीव्ही हळूच बंद केला. दर्शनाने पिशव्या उचलल्या आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सुशांत ते कार्ड घेऊन चिंचपोकळीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्याने खटपट केली आणि नकारार्थी मान हलवली. घरी येऊन सुशांत ओट्यापाशी उभा राहिला. "माझं चुकलं. विचारायला हवं होतं मी," एवढंच त्याला बोलता आलं.

दर्शना काकडी किसत होती. किसता किसता, त्याच्याकडे न बघता, ती आईच्या मालवणीत बोलायला लागली, "तवशाचा पाणी फेकू नको गो, त्यातच रवो भिजव. गूळ चढ घाल..." मधला आईचा खोकलासुद्धा तिने जागच्या जागी घेतला. तिला अख्खं पाठ होतं. सुशांतला सासूबाई समोर बसल्यासारख्या वाटल्या. त्याचे डोळे भरून आले.

"...आणि ह्या रेकॉर्डिंग सांभाळून ठेव. जावयांच्या हाताक लागूक देव नको. तेंका धड काय्येक ठेवूक येना नाय."

सुशांत दचकला. "हे... हे पण होतं त्यात?"

"होतं तर," दर्शना म्हणाली आणि गूळ चिरायला घेतला.

खरंच होतं की तिने आत्ता जोडलं, हे त्याला कळेना. आणि तपासायची सोय त्याने स्वतःच्या हाताने, 'हो' दाबून, पुसली होती.