पानावरची विमानं

एका जंगलात, मुलांनो, रोज सकाळी विमानं उडत असत. म्हणजे उडत नसत. पण ती उडताहेत असं सगळे धरून चालत. तुम्ही भातुकलीत खोटाखोटा चहा पिताच की नाही? तसंच. फरक एवढाच, की तुम्ही मोठे झाल्यावर थांबता.

मैदानात एक आडवं खोड पडलेलं होतं. त्यावर वैमानिक बसत. प्रत्येकाच्या पुढ्यात एक काठी रोवलेली. ती धरायची आणि तोंडाने घुर्रर्र करायचं, की झालं विमान.

मैदानाच्या टोकाला एक वारूळ होतं. हा नियंत्रण मनोरा. त्यावर साळिंदर तात्या बसत, खेळाकडे पाठ करून. त्यांच्यापुढे सागाचं एक मोठं पान असे आणि पानावर खडे. एक खडा म्हणजे एक विमान. वैमानिक बांबूच्या पोंग्यातून ओरडून आपली खबर देई, तात्या खडा सरकवत आणि हुकूम सोडत.

या खेळाचा एक कडक नियम होता. आभाळाकडे बघायचं नाही. वर बघितलं की बाद! तात्यांनी बारा वर्षांत एकदाही मान वर केली नव्हती. बारा वर्षांत त्यांचा एकही खडा पडला नव्हता. याचा त्यांना फार अभिमान होता, आणि का नसावा?

आता नुसतं उडण्यात काय मजा? म्हणून सगळ्यांना संकटं लागत. गुलाबराव रानडुकराच्या इंजिनाला न्याहारीनंतर हटकून आग लागे. सुंद्राबाई घोरपडीची चाकं दर मंगळवारी अडकत आणि त्या धाय मोकलून रडत. एकाच वेळी सगळे बुडायला लागले तर तात्या बिचारे कुणाकुणाला वाचवणार? म्हणून दुसरा नियम आला. एका वेळी एकच संकट. बाकीच्यांनी आपलं संकट मागे घ्यावं, नाहीतर खेळातून उठावं.

एका सकाळी गुलाबरावांचं इंजिन छान पेटलं होतं. इतक्यात एक अनोळखी आवाज आला. तो पोंग्यातून आला नव्हता. वरून आला होता.

"खाली कुणी आहे का? मी हंसीण आहे. ससाण्याने माझा पंख फाडलाय. जवळच तळं आहे ना? वरून सगळं हिरवंच दिसतंय. कुठल्या बाजूला उतरू?"

तळं वारुळाच्या उजव्या हाताला होतं, शेवाळाने झाकलेलं. तात्या रोज तिथेच पाणी पीत. नुसता पंजा दाखवायचं काम होतं.

तात्यांनी पानाकडे पाहिलं. "बाई, आपण पानावर दिसत नाही."

"मी तुमच्या डोक्यावर आहे!"

"डोकं आमच्या कक्षेत येत नाही."

"अहो, आधी मी जळतोय!" गुलाबराव खेकसले.

त्यांचंही बरोबर होतं. तात्या नम्रपणे म्हणाले, "बाई, एक संकट चालू आहे. आपलं मागे घ्या."

"मागे कसं घेऊ?"

"सोपं आहे. 'मागे घेतलं' असं म्हणायचं."

"हिच्या आवाजात भीतीच नाही मुळी," सुंद्राबाई नाक मुरडून म्हणाल्या. "कसली तयारी नाही, काही नाही. आणि म्हणे संकट!"

तेवढ्यात पानावर टपकन एक लाल थेंब पडला. तात्यांच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. त्यांना कळलं. हो, मुलांनो, कळलं! त्यांची मान आपोआप वर निघाली.

"तात्या, मान!" सुंद्राबाई किंचाळल्या.

बारा वर्षं! तात्यांनी मान खाली घातली आणि थेंब पुसला. पानावर लाल काही असण्याची सोय नव्हती.

पण तात्या दुष्ट नव्हते. त्यांनी गुलाबरावांना आग लवकर विझवायची गळ घातली. "अजून धड धूरसुद्धा झाला नाही," म्हणून गुलाबराव रुसले. उद्या दोन इंजिनं पेटवायची कबुली घेतली, तेव्हा कुठे विझले. मग तात्यांनी एक पांढरा खडा निवडून पानावर ठेवला.

"हं, बाई. प्रवासी किती?"

"एकटीच आहे हो! लवकर!"

"इंधन?"

"संपत आलंय."

"शाब्बास. आता डावीकडे वळा. खाली या. आणखी खाली."

हंसिणीने त्यांचा शब्द न् शब्द पाळला. पानावर डावीकडे मोकळी जागा होती. मैदानात डावीकडे करवंदीची जाळी होती. पण जाळी पानावर कुणी काढलीच नव्हती, आणि तळंही नाही.

पांढरा खडा पानाच्या मधल्या शिरेवर अलगद टेकला. इतका सुरेख, की सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. तिकडे जाळीत काहीतरी धपकन पडलं, ते टाळ्यांत कुणाला ऐकू आलं नाही.

तात्यांना ऐकू आलं. टाळ्या थांबल्यावर ते जाळीपाशी गेले. "आमच्या नोंदीप्रमाणे आपण सुखरूप उतरलात," ते म्हणाले.

"नोंद सुखरूप असेल," हंसीण म्हणाली.

तात्यांनी स्वतःच्या काट्यांनी तिच्या अंगातले काटे काढले. रोज कोवळं गवत आणून दिलं. पंख जुळला, पण वाकडा जुळला. आता ती उडू शकणार नव्हती. सुंद्राबाईंना हे कळताच त्या आनंदाने धावत आल्या आणि तिच्यापुढे एक काठी रोवली. "या, बसा आमच्यात! आमच्यातलंही कुणी उडत नाही."

बिचारी जाणार कुठे? बसली खोडावर.

थंडी सरली. एका सकाळी हंसांचा थवा उत्तरेकडे निघाला. मैदानावर येताच ते घिरट्या घालू लागले आणि तिला हाका मारू लागले. हंसिणीची लांब मान हळूहळू वर जाऊ लागली.

तात्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "बाई, मान," ते हलकेच म्हणाले. "बाद व्हाल."

हंसिणीने मान खाली घेतली. थव्याचा आवाज लांब लांब गेला. मग तिने पोंगा तोंडाशी धरला.

"तात्या, मी आता कुठे आहे?"

तात्यांनी पांढरा खडा बोटभर वर सरकवला.

"आपण? ढगांच्या वर. हवा स्वच्छ आहे."

तात्पर्य : संकटात सापडायचंच असेल, तर आधी खडा व्हावं. खड्याला मदत वेळेवर मिळते.