समतोल समिती आणि शेवंतीचा ताप

एका जंगलात, तुमच्या घरामागच्या नव्हे, बऱ्याच लांबच्या, शेवंती नावाचं एक खवलेमांजर राहत होतं. मुलांनो, ते नुसतं नावाला मांजर. अंगभर खवले, तोंडात एक दात नाही आणि जीभ हातभर लांब. घाबरलं की वेटोळं करून त्याचा चेंडू होतो.

शेवंती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

ती लहान असताना जांभा दगड खणताना तिच्या आईच्या नख्या मोडल्या. तेव्हा एक म्हातारी खार महिनाभर रोज येऊन जखम धुवायची, पट्टी बदलायची आणि जाताना आईला हसवून जायची. आपण हेच करायचं, असं शेवंतीने तेव्हाच ठरवलं. पण आईला पुन्हा खणता आलं नाही, आणि शेवंती मोठी झाली तसं घर तिच्यावर आलं. म्हणून सकाळी गवाशेठच्या लाकडाच्या वखारीत वाळवी काढायची आणि अकराला कॉलेज गाठायचं, असा तिचा दिवस होता.

मग अभ्यास कधी करायचा? ती ओंडक्यावर वही टेकवायची. एक भोक साफ, एक हाड पाठ. सागाच्या एका ओंडक्यात हाताची सगळी हाडं बसत. पायासाठी शिसव लागायचा. असं करत ती पहिल्या वर्षी वर्गात तिसरी आली. पहिली अर्थातच मैना. मैनेला पुस्तक पान क्रमांकासकट पाठ होतं.

अडचण एकच होती. शेवंती वर्गात जांभया द्यायची. आणि तिची जांभई म्हणजे हातभर जीभ बाहेर. एकदा ती जीभ तपासणीला आलेल्या पाहुण्यांच्या चहात पडली. त्याच दुपारी कॉलेजात 'अभ्यास-काम समतोल समिती' नेमली गेली.

अध्यक्ष झाले अजगरराव. ते महिन्यातून एकदा जेवत आणि उरलेले दिवस चिंतन करत. वेळेच्या नियोजनात त्यांचा हात धरणारं जंगलात कोणी नव्हतं. त्यांना हात नव्हते, ही गोष्ट वेगळी. चिटणीस होते कासवतात्या.

"मुलींनो, वेळ असतोच," अजगरराव पहिल्या व्याख्यानात म्हणाले. "मला पाहा. मी कधी घाईत दिसलो?" हे समजावून सांगायला त्यांना दोन तास लागले.

मग प्रत्येकीला एक समतोल वही मिळाली. दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहायचं. रकाने दोन : अभ्यास आणि काम. कासवतात्या सकाळी वखारीतसुद्धा वही तपासायला येत आणि एकेक अक्षर चवीने वाचत. शेवंतीच्या वहीत मग अशा नोंदी दिसू लागल्या : 'साडेसात ते आठ, वाळवी काढली. आठ ते साडेआठ, वरची नोंद तात्यांना दाखवली.'

हाडं मागे पडली. चाचणीत शेवंती नापास झाली.

"समतोल बिघडलाय," अजगररावांनी निदान केलं. उपाय म्हणून सात दिवसांचं जादा चर्चासत्र ठरलं. रोज सकाळी. हजेरी सक्तीची.

गवाशेठ तसा वाईट नव्हता. पण तो म्हणाला, "पोरी, सकाळी येणार नसशील तर मी अस्वल ठेवतो. माझी वखार पोखरून चाललीय."

शेवंती घरी गेली आणि वेटोळं करून बसली.

"उलगड गं," आई म्हणाली.

ती उलगडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहून घेऊन आली. प्राचार्य होत्या करकोचीण मॅडम. एका पायावर उभ्या राहून त्या सगळं कॉलेज सांभाळायच्या आणि क्वचितच बोलायच्या. त्या वर्गात होत्या, म्हणून शेवंती तिथेच गेली.

तो अजगररावांच्या जेवणाचा दिवस होता. समितीवर आल्यापासून ते शाकाहारी झाले होते. त्यांनी मुलींसमोरच एक सबंध फणस गिळला. फणस घशाखाली थोडा गेला आणि अडकला. अजगररावांचे डोळे पांढरे झाले. शेपटी आपटायला लागली.

मैना उठून उभी राहिली. "घशात अन्न अडकणे, पान एकशे बारा," ती म्हणाली आणि तिने व्याख्या सांगितली. व्याख्या अगदी बरोबर होती. कासवतात्या मदत आणायला धावले. दारापर्यंत पोचायला त्यांना अजून वेळ होता.

शेवंतीच्या हातातून अर्ज गळून पडला. "मैना, त्यांचं तोंड उघडं धर," ती म्हणाली. तिने अंगाचं वेटोळं केलं, फुगवट्याच्या खालच्या बाजूला गेली आणि तोंडाच्या दिशेने लोटत निघाली. एकदा, दोनदा. तिसऱ्या लोटाला फणस सुटला आणि फळ्यावर जाऊन फुटला. वर्गभर गरे झाले.

शेवंती उलगडली आणि अजगररावांच्या छातीला कान लावून श्वास मोजत बसली.

"बोलू नका," ती म्हणाली. "आता नुसतं पडून राहायचं."

"ते मला जमतं," अजगरराव पुटपुटले.

एवढ्यात कासवतात्या अर्ध्या वाटेतूनच परत फिरून तिच्यापाशी पोचले. "दोन ते अडीच," ते म्हणाले. "काय लिहू?"

"अध्यक्षांचा जीव वाचवला."

"ते दिसलं. पण रकाना कोणता? अभ्यास म्हणावं, तर धड्यात फणस नाही. काम म्हणावं, तर कॉलेजच्या वेळेत कामाला बंदी आहे." तात्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'वेळ वाया.'

करकोचीण मॅडमनी ते वाचलं. मग जमिनीवर पडलेला अर्ज चोचीने उचलून तोही वाचला.

"परीक्षा कधी आहे?"

"आठ दिवसांनी."

"आणि चर्चासत्र?"

"उद्यापासून सात दिवस."

मॅडमनी दुसरा पाय जमिनीवर टेकला. असं त्या कधी करत नसत. "जीभ दाखव."

शेवंतीने दाखवली.

"फारच लांब आहे. वाळवीज्वर. सात दिवस वेगळ्या खोलीत ठेवायला हवं. कोणी आत जायचं नाही. वही तपासायला तर नाहीच."

"मॅडम, मला ताप नाहीये."

"पुस्तकं बरोबर ने. येईल."

"आणि आई?"

"आजाऱ्याजवळ घरचं एक माणूस लागतंच. दोघींचा डबा वॉर्डातून येईल."

गवाशेठला निरोप गेला की हा ताप लाकडालाही लागतो. त्याने घाबरून सात दिवसांपुरतं अस्वल ठेवलं. चौथ्या दिवशी त्याचाच उलट निरोप आला : शेवंतीला लवकर बरं करा, हे अस्वल वाळवीसाठी ओंडकेच फोडतंय.

पहिला दिवस शेवंती नुसती झोपली. मग सहा दिवस अभ्यास केला. आई मोडक्या नखीने पान धरायची आणि प्रश्न विचारायची. उत्तर चुकलं की दोघी हसायच्या.

तिसऱ्या दिवशी काम करून शिकणाऱ्या बाकीच्या मुलींनाही तोच ताप आला. पाचव्या दिवशी मैनेलाही. मॅडमनी प्रत्येकीची जीभ गंभीरपणे पाहिली. चर्चासत्राला उरले दोघेच. अजगरराव रोज दोन तास बोलले आणि तात्यांनी त्याची नोंद घेतली.

परीक्षेत सगळ्या पास झाल्या. शेवंती दुसरी आली. समितीने अहवालात लिहिलं, 'जादा चर्चासत्राचा आठवडा आणि हा निकाल यांचा संबंध उघड आहे.' यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मॅडमनी सही केली. समितीला तीन वर्षं वाढवून मिळाली.

तात्पर्य : मुलांनो, शिक्षण पुरं करायचं असेल तर प्रकृती फार चांगली ठेवू नये. धडधाकट माणसाला सल्ला सगळे देतात, वेळ कोणी देत नाही.