बिनसायलेन्सरची लस

लसवाले येणार त्या दिवशी आण्णाप्पानं पहाटेच धार काढली, वैरणीची पेंढी दाखवत दाखवत गजरी म्हशीला मागच्या दारानं बाहेर काढलं आणि उसाच्या फडात मधोमध नेऊन एका जाडजूड बुडख्याला बांधलं. घरी येऊन त्यानं गोठा झाडला, शेण भरलं, गोठ्यातलं दुसरं दावं गुंडाळून माळ्यावर टाकलं. मग तो चहाला बसला आणि बायकोची उजळणी घेऊ लागला.

"डॉक्टर आल्या नि म्हस कुठाय म्हणाल्या तर?"

"इकली म्हणून सांगायचं."

"कुणाला?"

"गडहिंग्लजच्या पावण्याला."

"शाब्बास!"

गुणाबाईला ही शाब्बासकी काही गोड लागली नाही. "टोचून घ्या की वो," ती म्हणाली. "सरकार फुकट टोचतंय. सुई लागून म्हस मरतीया व्हय?"

"अगं, पाडवा आठ दिसांवर आलाय! टोचलं की दूध कमी हुतंय, म्हस सुस्तावतीया. वर कानाला भोक पाडून पिवळा बिल्ला मारत्यात. मग गोंडा कुठं बांधू? माझ्या कानाला?"

आता हे पाडव्याचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आण्णाप्पाचं गाव बेळगावच्या सांबरा विमानतळाला अगदी खेटून. तिथं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा, कानाला गोंडे. मग मालक सायलेन्सर काढलेली मोटारसायकल दणकावत पुढं आणि म्हैस शेपूट उचलून त्या आवाजामागं. महिनाभर आधीपासून रोज संध्याकाळी माळावर सराव चालतो आणि पळून झालं की पेंड मिळते. त्यामुळं इथल्या म्हशी डोक्यावरून विमान गेलं तरी मान वर करत नाहीत, पण बिनसायलेन्सरची गाडी भडभडली की दावं तोडतात. सगळ्यांत सरस म्हशीला पंच देतात तो मानाचा फेटा गेल्या वर्षी शेजारच्या परशरामानं नेला होता. तो फेटा बांधून परशराम पुढं चार दिवस डेअरीला दूध घालायला येत होता, आणि ते बघून आण्णाप्पाला जेवण जात नव्हतं. यंदा फेटा आपलाच, असं त्यानं गजरीच्या पाठीवर हात ठेवून ठरवलं होतं.

गुणाबाईचं दुखणं निराळं होतं. दोन वर्षांमागं गजरीची पहिली रेडी खुरकुतानं गेली. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांत जखमा, आचळाला तोंड लावता येईना. तीन दिवस गुणाबाई तिला मांडीवर घेऊन बसली होती. रेडी गेल्यावर गजरी आठ दिवस हंबरत होती आणि गुणाबाई आठ दिवस रडत होती. तेव्हापासून तिचं नवऱ्याकडं दोनच गोष्टींसाठी टुमणं होतं. एक, म्हशीला खुरकुताची लस टोचा. दोन, त्या गाडीला सायलेन्सर बसवा, कान किटले. आण्णाप्पानं दोन्ही अर्ज फेटाळले होते.

दहाच्या सुमाराला डॉक्टर उपासना कांबळे दारात आल्या. मूळच्या निपाणीच्या, नोकरीत नव्या, आणि स्वभावानं चौकस. मागं मदतनीस मष्णू, हातात लसीची बर्फाची पेटी धरून.

"अण्णा, म्हैस कुठं आहे?"

"इकली की वो म्याडम. गडहिंग्लजच्या पावण्याला."

उपासनानं वहीत लिहिलं. मग वही मिटली नाही, आणखी दोन पानं मागं उलटली. "गंमत बघा अण्णा. सकाळपासून एकोणीस घरं फिरले. कुणी म्हैस विकलीय, कुणाची माहेरी गेलीय. शेजारचे परशरामअण्णा म्हणाले, त्यांची म्हैस खानापूरला सासुरवाडीला गेलीय."

"आसंल की. जात्यात."

"म्हैस सासुरवाडीला जाते?"

"माणूस गेला की मागनं जाती," आण्णाप्पा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळेना.

"बरं. पण येताना मी डेअरीत डोकावले. आज सकाळी या गावातून एकशे दहा लिटर म्हशीचं दूध गेलंय. गावात म्हैस एक नाही. मग दूध काय नळाला येतंय?"

मष्णू खुदकन हसला. आण्णाप्पानं घसा खाकरून दुसरी बाजू धरली. "त्याचं काय हाय म्याडम, आमास्नी नीट कळलंच न्हाय. नोटीस कानडीत लावलती. आमी पडलो मराठी माणसं."

"आणि गेल्या आठवड्यात बाजारात पेंडीच्या भावावरून तासभर भांडत होता, ते कानडीत नव्हतं?" मष्णूनं विचारलं. "मी मागंच उभा होतो."

उपासनाचं लक्ष तोवर दोरीवर उलट्या टांगलेल्या बादलीकडं गेलं होतं. ओली होती, आणि बुडाला फेस होता. तिनं फेसाकडं पाहिलं, आण्णाप्पाकडं पाहिलं. चौकस माणसाला उत्तर लगेच नको असतं, पुरावा हवा असतो. ती नुसती म्हणाली, "ठीक आहे. डेअरीच्या आवारात म्हैस अडकवून टोचायला लाकडी खोडा उभा केलाय. कुणाची म्हैस माहेराहून परत आलीच तर घेऊन या. चल मष्णू."

आण्णाप्पानं सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात बाहेरून मष्णूचा आवाज आला, "म्याडम, स्कूटीचं मागचं चाक बसलं!"

डेअरी गावाच्या दुसऱ्या टोकाला. ऊन चढलेलं. पेटीतला बर्फ वितळला की लस वाया. उपासना घड्याळाकडं बघू लागली, तशी गुणाबाई पदर खोचून पुढं झाली.

"त्यात काय मोठंसं? आमची गाडी हाय की. न्ह्या!"

डेअरीचा रस्ता उसाच्या फडाला चाटून जात होता. "अगं, ती कशाला? तिला... तिला ब्रेक लागत न्हाईत."

"कालच लावून आणलासा की."

"पेट्रोल न्हाय."

"सकाळी टाकी भरून आणलीसा."

"अगं, सायलेन्सर न्हाय तिला! लई आवाज करतीया. म्याडमच्या कानाला तरास."

"चालेल मला," उपासना म्हणाली. "पाच मिनिटांचा तर रस्ता."

"चावी सापडंना झालीया कवाधरनं," आण्णाप्पानं शेवटचा बाण सोडला.

"ही काय," असं म्हणून गुणाबाईनं कमरेची चावी काढून मष्णूच्या हातावर ठेवली.

नको म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगायचं तर म्हैस दाखवायला हवी. मष्णूनं किक मारली. भड् भड् भड् भड्! कौलावरची कबुतरं उडाली. उपासना मांडीवर पेटी घेऊन मागं बसली, गाडी निघाली, आणि आण्णाप्पा धोतराचा सोगा हातात धरून गाडीमागं पळत सुटला.

गाडी फडाजवळ पोचली आणि ऊस हलला. आधी शेंडे हलले, मग कडाकड आवाज झाला आणि गजरी रस्त्यावर आली. एकटी नव्हती आली. ज्या बुडख्याला बांधलं होतं तो बुडखा पाच-सहा उसांसकट दाव्याला लोंबकळत होता.

"गजरेऽ! मागं फीर गंऽ!" आण्णाप्पा ओरडला.

गजरी मागं कसली फिरतेय! ती शेपूट उचलून सराव केल्यासारखी पळाली. तेवढ्यात पलीकडच्या फडातून परशरामाची म्हैस बाहेर पडली, जी खानापूरला होती. तिच्यामागं अजून दोन. मक्यातून तीन. विहिरीमागच्या केळीतून एक. प्रत्येकानं आपापली म्हैस आपल्यालाच सुचलं अशा थाटात लपवली होती, आणि आता अख्खी लपवाछपवी रस्त्यावर पळत होती.

मष्णूनं आरशात पाहिलं आणि त्याची बोबडी वळली. घाबरल्यावर त्याला कानडीच सुचायची. "हिंद नोडब्याड्री म्याडम! मागं बघू नका!"

उपासनानं अर्थातच मागं पाहिलं. मष्णू घाबरून गाडी जोरात हाणायचा, गाडी जोरात भडभडायची आणि आवाज वाढला की म्हशींना आणखी जोर चढायचा. उपासनाची भीती कुतूहलात कधी बदलली ते तिलाही कळलं नाही. ती मोजू लागली. "सोळा... सतरा... अरे, ती काळी बघ कशी पळतेय! मष्णू, थांबू नको हां! सरळ डेअरीच्या आवारात घाल!"

गाडी आवारात शिरली, मागोमाग तेवीस म्हशी शिरल्या, आणि उपासनानं स्वतः उतरून फाटक लावलं. मग एकेक म्हैस पेंडीच्या आशेनं खोड्यात जाई, मानेत सुई घेऊन आणि कानात पिवळा बिल्ला घेऊन बाहेर येई. पेंड काही कुणाला मिळाली नाही. मालक मंडळी धापा टाकत एकामागून एक फाटकाशी जमली. कुणी कुणाकडं बघेना.

"परशरामअण्णा," उपासनानं विचारलं, "ही तुमचीच ना?"

"व्हय," परशराम घाम पुसत म्हणाला. "आत्ताच आली वाटतं खानापूरहून."

"चालत?"

"पळतच आलीया दिसतंय."

उपासनानं तेही लिहून घेतलं. आण्णाप्पाची पाळी आली तेव्हा ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "अण्णा, गडहिंग्लजचे पाहुणे नाव काय लावतात? बिल्ल्याचा नंबर त्यांच्या नावावर घालायचा ना?"

"न्हाय वो म्याडम!" आण्णाप्पा कळवळला. "माझ्याच नावावर घाला. म्हस माझीच हाय. चुकलं माझं."

दोन दिवस गजरीचं दूध लिटरभर कमी आलं. तिसऱ्या दिवशी पहिल्यासारखं झालं. आण्णाप्पाचा जीव भांड्यात पडला. सरावाला सुट्टी दिली होती, डॉक्टरांनी सांगितलंच होतं पाडव्यापर्यंत पळवू नका म्हणून. बिल्ला झाकायला त्यानं बेळगावातून नारळाएवढे गोंडे आणले.

पाडव्याला माळावर जत्रा लोटली. उपासनाला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. आण्णाप्पानं नवा सदरा घालून गाडीवर टांग टाकली, परशरामाकडं एक नजर फेकली आणि किक मारली. भड् भड् भड् भड्!

गजरीनं कान टवकारले. एक पाऊल पुढं टाकलं. मग जणू काही आठवल्यासारखी थांबली, अख्खी वळली, आणि गोंडे उडवत उलट्या दिशेनं उसाकडं पळाली.

परशराम पोट धरून हसला. हसत हसतच त्यानं आपली गाडी सुरू केली. त्याची म्हैस गजरीच्याही पुढं गेली. मग ज्याची गाडी सुरू होईल त्याची म्हैस पळे, पण गाडीपासून लांब! दहा मिनिटांत माळावर नुसत्या गाड्या उरल्या, आणि तेवीस पिवळे बिल्ले उसात.

आण्णाप्पा गाडीवरच बसून राहिला. वर्षभराची हौस उसात गेली होती, आणि सगळ्या गावासमोर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणाबाईला ते बघवेना. ती उठली, पेंडीचं घमेलं कमरेवर घेतलं आणि फडाच्या बांधावर जाऊन उभी राहिली.

"गजरे," तिनं साधीच हाक मारली. "ये बाय माझी. कोन टोचत न्हाय तुला."

ऊस हलला. गजरी बाहेर आली आणि गुणाबाईच्या मागोमाग, अंगणात चालावं तशी चालत माळावरून थेट पंचांपुढं येऊन उभी राहिली. पंचांनी आपसात खल केला, पण खल करण्यासारखं होतं काय? माळावर म्हैस एकच होती. मानाचा फेटा गुणाबाईच्या डोक्याला बांधला. उपासनानं सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

घरी येताना आण्णाप्पा गाडी ढकलत चालला होता, कारण सुरू केली असती तर गजरी परत पळाली असती. त्यानं विचारलं, "गुणा, खरं सांग. त्या दिशी चावी मुद्दाम दिलतीस न्हवं?"

"फेटा वाकडा झालाय काय वो?" गुणाबाई म्हणाली. "जरा नीट करा की."

आण्णाप्पानं गाडी स्टँडला लावली आणि फेटा नीट केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाजारात जाऊन सायलेन्सर बसवून आला.