चांदणीच्या बाळंतपणाला चौदा माणसं

बाळंतपण म्हटलं की पुरुषांचे हातपाय गळतात. माझे नाही! बायकोच्या, म्हणजे ममताच्या वेळी मी एकदाच चक्कर येऊन पडलो होतो, आणि तेही उपाशी होतो म्हणून. त्यामुळे परीक्षेला नागपूरला निघालेल्या आमच्या सलोनीने विचारलं, "बाबा, चांदणी अंडी घालणार आहे. जमेल ना?" तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "बिनधास्त जा!"

चांदणी म्हणजे सलोनीने पाळलेली सरडी. परदेशी, रंग बदलणारी. एक डोळा माझ्यावर, दुसरा दारावर. मला तिची भीतीच वाटायची. त्यात सलोनी जाता जाता म्हणाली, "अंडी पोटात अडकली तर ती मरते, बाबा."

रविवारी सकाळी चांदणीने खाणं सोडलं. मी प्राण्यांच्या डॉक्टर निहारना फोन लावला.

"संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर ऑपरेशन," ते म्हणाले. "तिला फूटभर खोल ओली वाळू द्या. ती खणून आत अंडी घालेल. आणि हे बघा..."

पुढचं कोण ऐकतो? मी फोन ठेवून जिना उतरलोसुद्धा! मागच्या बांधकामावरून दोन गोणी वाळू मागून आणली आणि ममताच्या गोधड्या भिजवायच्या टबात ओतली.

"गेला माझा टब!" ममता म्हणाली.

तिनेच टबात एक फांदी रोवून चांदणीला सोडलं. चांदणीने वाळू दोनदा खरवडली आणि थांबली. मी टॉर्च घेऊन वाकलो. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतोय. तासभर हेच! "खण की गं बाई!" मी गयावया केली. ती काळीठिक्कर पडली.

मग शेजारच्या रखमाबाई आल्या. भाईंदरच्या जुन्या मिठागरवाल्या घरातल्या, पन्नास बाळंतपणं पाहिलेल्या.

"हिला नवरा न्हाय, मंग अंडी कशी?"

"नराशिवायही घालतात, मावशी. पिल्लं नाही निघत," ममता म्हणाली.

"म्हंजे कोंबरीवानी हाय! पन बालंतनीला येकटी ठेवाची न्हाय हां. धीर लागतो."

धीर द्यायला त्यांनी मजल्यावरच्या चार बायका बोलावल्या. शिवाय शेगडी पेटवून ओव्याची धुरी! धूर पॅसेजमध्ये गेला आणि कोणीतरी बोंब ठोकली, "आग लगी!" दोन मिनिटांत वॉचमन धर्मा आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन हजर, मागे अर्धी बिल्डिंग.

"कहाँ है आग?"

"आग नहीं, डिलिव्हरी है!" मी ओरडलो.

"किसकी?"

मी टबाकडे बोट दाखवलं. चांदणीने जबडा वासला आणि माझ्या त्याच हातावरून सरसर चढत थेट डोक्यावर जाऊन बसली! मी विजेच्या खांबासारखा ताठ. देवाचं नावसुद्धा आठवेना.

ममताने डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला.

"खोलीत किती माणसं आहेत?" त्यांनी विचारलं.

ममताने मोजली. "चौदा."

"अहो, सकाळी तेच सांगत होतो, तर यांनी फोन ठेवला! कोणी बघतंय असं वाटलं की ती अंडी धरून ठेवते. तिला एकटीला सोडा, नाहीतर हातातून जाईल!"

रखमाबाईंनी शेगडी उचलली. "मीच मारली का रं तिला?" त्या पुटपुटल्या.

ममताने चांदणीला अलगद उतरवून टबात ठेवलं. दार ओढून आम्ही सगळे जिन्यात बसलो. तीन तास! इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. सलोनीला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. एकही पुरं होत नव्हतं. रखमाबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. धीर कोण कुणाला देत होतं, देव जाणे.

सहा वाजता ममताने दार किलकिलं केलं. टबातली वाळू थापून सपाट केलेली. चांदणी फांदीवर, पोट खपाटीला, हिरवीगार, पाण्याचे थेंब चाटतेय! वाळू हळूच उकरली तर आत एकतीस अंडी. मी रडलो. हो, चारचौघांत रडलो!

तेवढ्यात सलोनीचा फोन आला.

"सगळी घातली? बाबा, ग्रेट! पण तुम्ही केलंत तरी काय?"

मी मस्तपैकी थाप मारणार होतो. पण मागे तेरा साक्षीदार उभे होते.

"काही नाही गं," मी म्हणालो, "जिन्यात बसलो होतो."