जिन्यातला नायक

"सिनेमा कसा पाहावा, हे या कॉलेजात फक्त एका माणसाला कळतं," असं सर स्टाफरूममध्ये वरचेवर सांगत. आणि तो माणूस कोण, हे विचारायची सोय कोणाला ठेवत नसत.

सर साहित्य शिकवत. 'कादंबरी आणि चित्रपट' नावाचा एक ऐच्छिक विषय त्यांनी सहा वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. विद्यार्थी बारा. त्यातले नऊ या तासाला खोलीत अंधार करतात म्हणून आलेले. आता तपासणी समिती येणार होती. अध्यक्षबाई एक तास बघणार आणि विषय ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार! बंद झाला तर पुढे काय, हेही प्राचार्यांनी प्रेमाने सांगून ठेवलं होतं: कॉमर्सच्या एकशे चाळीस मुलांना व्यावहारिक पत्रलेखन. निवृत्तीपर्यंत. म्हणजे अजून तेरा वर्षं 'उपरोक्त विषयास अनुसरून'!

पण बायकोसमोर छाती पुढे. "काळजी कसली करतेस? असा सिनेमा लावतो, की बाई उठून टाळ्या वाजवतील! कृष्णधवल, मूक, आणि पहिली चाळीस मिनिटं काहीच घडत नाही!"

"मग लोक बघतात काय?"

"काही न घडणं!"

"ते मी लग्न झाल्यापासून बघतेय," असं म्हणून बायकोने त्यांच्या एका हातात ब्रीफकेस दिली आणि दुसऱ्या हातात कचऱ्याची पिशवी.

ही पिशवी चार मजले उतरून, इमारतीला वळसा घालून, मागच्या पिंपात टाकायची असा नियम होता. पण गेले दोन महिने कोणीतरी आपली पिशवी दुसऱ्या मजल्यावरच्या कुंडीमागे ठेवून पसार होत होतं. रहिवाशांच्या सभेत त्या अज्ञात इसमाविरुद्ध सर्वांत घणाघाती भाषण सरांनीच केलं. 'हा कचरा नव्हे, हे चारित्र्य आहे!' वगैरे. टाळ्या पडल्या. त्या भरात जिन्यात कॅमेरा बसवायचं ठरलं आणि ते काम सरांच्या मेहुण्याला मिळालं. कॅमेरा पुढच्या महिन्यात बसेल, असं सर धरून चालले होते.

सिनेमा मिळवून द्यायचं कामही मेहुण्याकडेच होतं. सरांनी स्वतः तो पाहिला नव्हता. त्यावरचे दोन लेख वाचले होते, आणि समीक्षेला तेवढं पुरतं.

"भावोजी, टेबलावर काळा पेनड्राइव्ह आहे, तो उचला!" मेहुणा दुकानातल्या शिडीवरून ओरडला.

टेबलावर काळे पेनड्राइव्ह दोन होते. सरांनी त्यातल्या त्यात गंभीर दिसणारा उचलला.

तपासणीचा दिवस उजाडला. पडदे ओढले. मागच्या बाकावर अध्यक्षबाई, शेजारी प्राचार्य. बाईंना मान म्हणून रिमोट त्यांच्याच वहीजवळ ठेवला होता. वर्गात त्या सत्रात एक जाडजूड कादंबरी चालू होती. तिच्यातला न्यायाधीश एका अपराध्याच्या मागे हात धुऊन लागतो आणि तीनशे ऐंशीव्या पानावर त्याला कळतं, की अपराधी आपणच आहोत.

पडद्यावर एक जिना आला. रिकामा.

"पाहा!" सर गरजले. "कॅमेरा वरून पाहतोय. जणू नियती!"

बारा जणांनी 'नियती' लिहून घेतलं. पाच मिनिटं जिनाच. मग एक मांजर आलं, बसलं, गेलं.

"सर, मांजर म्हणजे काय?" पहिल्या बाकावरच्या मुलीने पेन उगारलं.

"काळ! येतो, बसतो, जातो."

"वा!" प्राचार्य झोपेत म्हणाले.

"आणि कोपऱ्यात तारीख-वेळ पळतेय ती?" मागून एका टवाळाने विचारलं.

"आयुष्य निसटतंय, दुसरं काय!"

आता पडद्यावर एक बाई झारी घेऊन आली आणि कुंडीला पाणी घालू लागली. "ही स्त्री म्हणजे..." सरांनी सुरुवात केली, आणि मान पुढे काढून पडद्याकडे पाहिलं. ही स्त्री म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या! गाऊन तोच! कुंडी तीच! कोपऱ्यात वेळ होती सात वाजून नऊ मिनिटं. आणि सर रोज घरून सात अकराला निघत. घड्याळ लावून घ्यावं असे!

"इथे... इथे जरा थांबून चर्चा करू या का?"

"छे हो," अध्यक्षबाईंनी रिमोटवर हात ठेवला. "आता कुठे रंगतंय!"

सात बारा. एक गृहस्थ जिना उतरले. एका हातात ब्रीफकेस, दुसऱ्या हातात पिशवी. त्यांनी वर पाहिलं. खाली पाहिलं. कुंडीमागे वाकले. उठले तेव्हा एक हात मोकळा होता. त्या हाताने कॉलर नीट करून ते शीळ घालत दिसेनासे झाले.



"सर, हिरो सेम तुमच्यासारखा आहे," टवाळ म्हणाला.

"शर्टसुद्धा!" पहिला बाक.

सरांनी अंगातल्या त्याच शर्टाला घाम पुसला. "सामान्य माणूस सगळ्यांसारखाच दिसतो! तोच तर दिग्दर्शकाचा मुद्दा! तुम्हाला तो माझ्यासारखा वाटला. मला... मला प्राचार्यांसारखा वाटला!"

प्राचार्य ताडकन जागे झाले.

मागे जायला वाट नव्हती, म्हणून सर पुढे गेले. "आता आपला न्यायाधीश आठवा! भर सभेत तो गरजतो, तेव्हा आपल्याला वाटतं, काय हा न्यायाचा ध्यास! अरे, कसला ध्यास! तो घाबरलाय! ज्याची पिशवी कुंडीमागे असते ना, तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडतो!" सरांचा आवाज खरोखरच कापत होता. "सहा वर्षं ही कादंबरी शिकवतोय मी. कळली आज!"

अंधारासाठी आलेले नऊच्या नऊ जण सरसावून बसले.

"पण सर, त्याने असं का केलं?" पहिल्या बाकाचे डोळे भरून आले होते. "त्याला काहीतरी मोठं दुःख असणार."

"ऐंशी पावलं," सर खोल आवाजात म्हणाले. "मागच्या पिंपापर्यंत ऐंशी पावलं जायचा कंटाळा. पाप एवढंच असतं, बाळ."

पडद्यावर उडी मारून एकदम दुसऱ्या दिवसाची सकाळ आली. सात दहा. सात अकरा. आणि घंटा झाली! त्या शिपायाच्या पाया पडावंसं सरांना वाटलं.

अध्यक्षबाई वही मिटून गेल्या. संध्याकाळी सर मेहुण्याकडे धावले, तर तोच कानकोंडा होऊन म्हणाला, "भावोजी, कोणाला सांगू नका, गुपचूप बसवलेल्या कॅमेऱ्याचं जिन्यातलं रेकॉर्डिंग माझ्या हातून हरवलं. आता सभेला काय तोंड दाखवू?"

"असू दे रे," सर उदारपणे म्हणाले. "माणसं सुधारतात. एक संधी द्यावी." आणि खिशातला पेनड्राइव्ह मुठीत आणखी घट्ट धरला.

चौथ्या दिवशी समितीचा शेरा आला. सरांनी पाकीट फोडलं. 'विषय चालू ठेवावा. चित्रपटाचा कादंबरीशी लावलेला संबंध अस्सल व अनुभवसिद्ध वाटला. मात्र प्राध्यापकांनी पिशवी पिंपापर्यंत न्यावी.'

सर खुर्चीत बसले. आधी अर्धा तांब्या पाणी प्यायले आणि मग घरी फोन लावला.

"राहिला गं विषय! अस्सल, अनुभवसिद्ध, असं लिहिलंय!"

"हुश्श! सुटलो बाई एकदाचे!" बायकोचा जीव भांड्यात पडला. "आणि पुढे काय लिहिलंय?"

"पुढे?" सरांनी कागदाची घडी घातली. "पुढे नुसती सही आहे. आणि शिक्का."